सुनीलला, रिक्षाच्या चाकांबद्दल

जोगेश्वरी, मुंबई
१२ मे

प्रिय सुनील,

बॅज मिळाला आणि गाडीही ठरली, हे ऐकून फार बरं वाटलं. काकूंना माझा नमस्कार सांग. इंजिन, गॅस, मीटर यांबद्दल सांगणारे तुला नाक्यावर ढिगाने भेटतील. चाकांचं मात्र कोणी बोलत नाही. पंक्चर झालं की पंक्चरवाला गाठायचा, तिथेच विषय संपतो. म्हणून हे पत्र फक्त चाकांसाठी.

तू मोटरसायकल चालवलीस, मामांची जीपही चालवलीस. रिक्षा दोन्हींपेक्षा वेगळी. हँडल बघून ती स्कूटरच्या घराण्यातली वाटते, आणि ते खरंही आहे. इटलीत पियाजिओने १९४८ साली वेस्पावरूनच आपे ही तीनचाकी काढली होती. पण रस्त्यावर तिचं वागणं तीन चाकांचं. जीपने खड्डा दोन चाकांच्या मधे घेता येतो, मोटरसायकल त्याच्या कडेने काढता येते. रिक्षाच्या तीन चाकांच्या तीन वाटा. खड्डा मधे घ्यायला गेलास की पुढचं चाक नेमकं त्यात जातं. पावसाळ्यात पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, तेव्हा तर हे पक्कं लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वळणावर ब्रेक दाबलास की भार पुढे आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला जातो. जीपला त्या कोपऱ्यात चाक असतं, रिक्षाला तिथे काहीच नाही. गाडी कलते ती तिकडेच. त्यात त्या बाजूच्या मागच्या टायरात हवा कमी असेल तर ते आधीच दबलेलं असतं, मग गाडी आणखी लवकर कलते. मागे तीन सीट बसलेली असतात, कधी मांडीवर लहान मूलही. हवा बघायला मी एवढा का अडून बसतो, ते यावरून समज. वेग वळणाच्या आधीच उतरव.

आपल्याकडच्या बहुतेक रिक्षांना ४.००-८ मापाचं टायर असतं, म्हणजे चार इंच रुंद आणि आठ इंची रिमचं. एवढंसं चाक किलोमीटरमागे साडेसातशेच्या आसपास फेरे घेतं आणि मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात खोल उतरतं. झीज आणि मार दोन्ही जास्त. हवा सकाळी पहिल्या भाड्याआधी बघ, टायर थंड असताना. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा. तिन्हीकडे सरसकट एकच भरू नकोस. दुपारी तापलेल्या टायरचा काटा जास्तच दाखवणार, म्हणून तेव्हा हवा काढायची नाही. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघ. आणि स्वतःचा काटा घे, पंपावरच्या काट्यांचा मला भरवसा नाही.

हवा बघताना वॉलकडे, म्हणजे हवा भरायच्या तोटीकडे, नीट बघ. तो रिमच्या भोकातून सरळ बाहेर आलेला असायला हवा. एका बाजूला कललेला दिसला तर टायर रिमवर सरकलंय आणि आतली ट्यूब ओढली जातेय, असं समज. कमी हवेत गाडी चालली की असं होतं. तशीच चालवलीस तर वॉल मुळातून फाटतो आणि हवा एकदम जाते. पुढच्या चाकाचं असं झालं तर हँडल आवरणं कठीण. त्या चाकाला सोबत नाही रे, मागचं एक बसलं तर दुसरं थोडंफार सांभाळून घेतं. म्हणून नवं किंवा सगळ्यात चांगलं टायर पुढे आणि गेटर मारलेलं, म्हणजे फाटलेल्या जागी आतून तुकडा लावलेलं टायर पुढे कधीच नको, असं माझं ठाम मत आहे. मागची दोन टायरं जोडीनेच बदल. एक नवं, एक घासलेलं असलं की दोघांचा घेर वेगळा पडतो, गाडी एका बाजूला ओढते आणि मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला उगाच काम लागतं.

टायर गोटा होईपर्यंत थांबू नकोस. कायद्याने तीनचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, पण मुंबईच्या पावसात ती हद्द गाठणं शहाणपणाचं नाही. घेताना टायरच्या कडेचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. दुकानात पडून राहिलेलं जुनं टायर नवं म्हणून गळ्यात मारतात.

गॅसच्या रांगेत बराच वेळ जातो. तिथे खाली उतर आणि तिन्ही हबांजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हाताची पाठ ने. आधी लांबूनच अंदाज घे, चटका बसू शकतो. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार गरम लागला तर तिथे ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. मग जमेल तेव्हा गाडी सपाट जागी घे, जमिनीवरच्या चाकांना दगड लाव आणि ते चाक जॅकवर उचल. वरखाली धरून हलव. खटखट झाली तर ढिलाई आहे. मग हाताने फिरव; घरघर आली तर बेअरिंग गेलं. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी चाकं पाण्यात बुडाली तर बाहेर आल्यावर सावकाश चालवत ब्रेक हलका दाबत राहा, ड्रम सुकेपर्यंत. त्या आठवड्यात हब उघडून ग्रीसही बघून घे, कारण पाणी शिरलेलं ग्रीस दुधट दिसतं.

आता जे सांगतो ते कधीही विसरू नकोस. रिक्षाची रिम दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे नट-बोल्टनी जोडलेले असतात. चाक हबवरून काढायचे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे वेगळे. ट्यूबमधली सगळी हवा काढल्याशिवाय रिमच्या नटाला पाना लावायचा नाही. आत हवा असताना ते सुटले तर रिमचे तुकडे तोंडावर उडतात. पंक्चरवाला घाईत असला तरी तू बाजूला उभा राहून आधी वॉलमधून सगळी हवा काढायला लाव. चाक परत बसवताना समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळ, आणि पाच-सात भाडी मारल्यावर पाना घेऊन पुन्हा एकदा बघ.

गाडी ताब्यात आली की नाक्यावर लावायच्या आधी इकडे घेऊन ये. रविवारी सकाळी माझ्या दारात तिन्ही चाकं आपण उतरवू, स्टेपनीसकट. जॅक आणि ग्रीस माझ्याकडे आहे. व्हील पाना तेवढा तुझ्या गाडीचा आण, त्यानेच नट खोलून दाखव.

तुझा,
प्रकाश