फ्लेक्सवाल्या दादांना, झुलीच्या रंगाबद्दल

दादा,

त्या दिवशी पैसे काढले तर तुम्ही ‘ठेव तुझे पैसे, बस सुटन तुही’ म्हणून मला दुकानाबाहेरच काढलंत. आभार मानायचे राहून गेले, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहिलं तर तुम्ही चिडाल, म्हणून लिहीत नाही.

माझा घोळ आठवतोय ना? गावच्या पोळ्याच्या बॅनरसाठी मी क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बैल रंगवला होता. पांढराशुभ्र खिलारी, शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर लाल झूल. झुलीच्या चुण्यांवरच माझे दोन दिवस गेले होते. आणि मंडळातले काका चित्र बघून म्हणाले, ‘बाई, आपल्या मानाच्या जोडीची झूल हिरवी असते. लाल कुठून आणली?’

झुलीचा लेयर, म्हणजे चित्राचा थर, वेगळा असता तर काम पाच मिनिटांचं होतं. पण लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून मी मूळ फाइल उडवून फक्त जेपीजी, म्हणजे सगळे थर एकत्र झालेला फोटो, ठेवला होता, तोही व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवलेला. (हसू नका, आमच्याकडे निम्मी पोरं असंच करतात.) रात्री दीडपर्यंत चित्र मोठं करून ब्रशनं लाल झाकत बसले. सकाळी पाहिलं तर झूल शेवाळ साचल्यासारखी दिसत होती आणि चुण्या पार गायब.

तुमच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही खुर्ची सरकवून दिली आणि म्हणालात, ‘माउस तूच धर. मी हात लावला तं पुढच्या खेपेले पुन्हा मलेच शोधत येशीन.’ खरं सांगू, तेव्हा रागच आला होता मला. घाई होती, तुम्ही दोन मिनिटांत करून दिलं असतं.

पहिल्यांदा मी ते सारखा रंग निवडणारं टूल घेऊन झुलीवर क्लिक केलं. निवडलेल्या भागाभोवती फिरणारी ती तुटक रेघ, म्हणजे मुंग्यांची रांग, चालू लागली, पण झुलीभोवती नाही. झुलीच्या आत शे-दोनशे बेटं तयार झाली. मी म्हटलं, सगळं लालच तर आहे! तुम्ही रंग उचलायचं ड्रॉपर टूल घ्यायला लावलंत आणि शेजारशेजारच्या तीन ठिकाणी आकडे वाचायला लावलेत. तीनही वेगळे. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला 0 ते 255 पैकी एक आकडा, आणि डोळ्याला जे एकच लाल दिसतं त्यात असे शेकडो आकडे. त्यात जेपीजीनं चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून, बारीकसारीक फरक टाकून जागा वाचवलेली, म्हणून कडांना जागोजागी कचरा.

मग फझिनेस, म्हणजे किती वेगळ्या छटेपर्यंत ‘सारखाच रंग’ मानायचा तो आकडा. मॅन्युअल वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तुम्ही कापसानं (आणि कवडीनं, म्हणजे डागाळलेल्या कापसानं) शिरवलंत: ‘वेचताना पांढरा घेतो, कवडी सोडतो. पण कवडी कुठून म्हणाची, हे प्रत्येक बाईचा हात वेगळं ठरवते. हा आकडा म्हणजे तो हात.’ आकडा कमी ठेवला तर बेटंच बेटं. वाढवत गेले तशी झूल भरत आली, आणि अचानक गेरूचे ठिपके, हिंगूळ, बैलाची नाकपुडीसुद्धा मुंग्यांनी घेरली. हे टूल शेजार बघतच नाही, चित्रभर कुठेही तसा रंग दिसला की उचलतं. एकमेकांना चिकटलेलं तेवढंच हवं तर कंटिग्युअस नावाचं दुसरं टूल, पण माझी झूल घुंगरमाळेनं मध्येच कापलेली, तिथं तेही अडलं असतं.

यावर तुम्ही जे दाखवलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. आधी लॅसोनं, म्हणजे हातानं रेघ ओढून भाग निवडायच्या टूलनं, झुलीभोवती ढोबळ कुंपण घातलं. मग शिफ्ट आणि ऑल्ट दाबून रंगाचं टूल चालवलं. कुंपणाच्या आतलं आणि लाल, दोन्ही असेल तेवढंच उरलं. आता फझिनेस कितीही ढिला सोडला तरी गेरूला धक्का नाही.

मी लगेच हिरवा रंग ओतायला निघाले तर तुम्ही जवळजवळ ओरडलात. ओतला असता तर चुण्या पुन्हा गेल्याच होत्या. कंट्रोल-यू दाबून फक्त ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची रंगाची जागा, सरकवायला लावलंत. रंगचक्रात लाल 0 अंशावर, हिरवा 120 वर. सावली, उजेड, माझ्या दोन दिवसांच्या चुण्या, सगळं जिथल्या तिथं आणि झूल हिरवी! मागच्या गिऱ्हाइकानं ‘अरे बाप्पा’ म्हटलं ते ऐकलंत ना?

तरी कडेनं गुलाबी रेघ राहिलीच होती, लाल आणि पांढरं मिसळलेले पिक्सेल. तुम्ही केलेला बदल मागे घेऊन सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, दोन पिक्सेलनं वाढवायला सांगितलंत. मी घाबरले, पांढरा बैल हिरवा होईल म्हणून. ‘पांढऱ्यात रंगच नाही, तं फिरन काय?’ तुम्ही म्हणालात. आणि खरंच, गुलाबी रेघ फिक्कट हिरवी होऊन झुलीत मिसळली, बैल पांढराच राहिला. घरी येऊन मी हे वेगवेगळ्या चित्रांवर करून पाहिलं. आंब्याच्या पानांचं तोरण तर एका दमात वाळवून टाकलं.

बॅनर आखरावर लागलाय. काकांनी झुलीकडे बघून नुसती मान हलवली, आमच्याकडे ती मोठी दाद. या खेपेला प्रत्येक रंगाचा लेयर वेगळा आहे आणि क्रिटाची मूळ केआरए फाइल पेनड्राइव्हवर, आईच्या डब्यात, मसाल्याच्या शेजारी.

परवा पोळा. उद्या खांदशेकणी, बैलांना म्हणू तेच तुम्हालाही म्हणते: आवतण घ्या, जेवायला या. पुरणपोळीचे पैसे आम्हीही घेत नाही.

तुमची,
लाल झुलीवाली