रविवारच्या गाड्यांआधी

मंडळी नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला सदाशिव पेठेतल्या नेहमीच्या खोलीत आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या (जुन्या नॅरोगेज लाइनच्या) लेआउटवर, म्हणजे छोट्या मॉडेलवर, वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायच्या आहेत.

प्रत्येकाने आपापल्या डब्यांची चाकं गेजने मोजूनच आणावीत. मूळच्या लाइनच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे आपल्या १:७६.२ प्रमाणात बरोबर १० मिमी. चाकांच्या कडा (ज्या डब्याला रुळावर धरतात) आपण अर्ध्या मिमीहून कमी ठेवल्यात, चूक खपत नाही. मागच्या वेळी माझाच मालडबा यार्डातल्या दुसऱ्या सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) तीनदा उतरला. मी रुळांना शिव्या दिल्या. निघालं काय, तर एक चाक आसावर केसभर सरकलेलं!

पावसाळी हवेने प्लायवूड फुगतं, म्हणून बोर्डांचे जोड आधी बोटाने चाचपून बघू. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत मळ बसतो.

लाइनवर एका वेळी एकच इंजिन. टोकन (लाइनवर गाडी न्यायची परवानगी) हातात नसेल तर कंट्रोलरला हात लावायचा नाही. (कोणासाठी लिहिलंय, त्यांना कळलं असेल.)

चहा मिळेल, पण कप लेआउटवर टेकवायचा नाही.