बाबांची गोळी, आईचं ऊन आणि माझी दोन वर्षं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेतली आणखी दोन वर्षं मी स्वीकारली. सहीसुद्धा झाली. आई, 'मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस' असं मनात आलं असेल, तर ते खरंच आहे. पण बाबांच्या नव्या गोळीचे पहिले पाच आठवडे मी घरी असणार आहे. रजा मिळाली आहे.

'पेशी मारायचं औषध' म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला होता, ते डोळ्यांसमोरून जात नाही. अगं, पेशींनी वेळेवर मरणं हा शरीराचा रोजचा कारभार आहे. मी जन्मल्यावर तू माझी बोटं मोजली होतीस ना? पोटात असताना बोटांमधल्या पेशी मरून गेल्या, म्हणून ती सुटी झाली. 1972 साली तीन शास्त्रज्ञांनी या मरणाला ॲपॉप्टोसिस असं ग्रीक नाव दिलं. अर्थ पानगळ. बाबा, हा शब्द तुम्हाला आवडेल.

तुमच्या या रक्ताच्या कर्करोगात बी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, पानगळच थांबली आहे. बीसीएल-2 नावाचं प्रथिन त्यांच्यात वाजवीपेक्षा जास्त साठलंय आणि ते मरणाचा निरोप अडवून धरतं. म्हणून त्या नुसत्या साचत राहतात. तुमची नवी गोळी, व्हेनेटोक्लॅक्स, त्या प्रथिनाला जखडते, आणि अडलेला निरोप पोचतो. मला ही गोळी आवडते, कारण ती पेशीचाच विसरलेला मार्ग मोकळा करते.

आई, तुझ्या ल्युपसची गोष्ट निराळी, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्यावरच उलटते. मेलेल्या पेशी लगेच उचलल्या गेल्या तर कुणाला पत्ताही लागत नाही. तो कचरा रेंगाळला की आतला डीएनए पहारेकऱ्यांच्या, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींच्या, नजरेस पडतो आणि ते आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतात. ही साफसफाई करणारं सी1क्यू हे प्रथिन ज्या थोड्या लोकांत जन्मतःच नसतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपस होतो. उन्हाने त्वचेतल्या पेशी मरतात, कचरा वाढतो. मी उन्हावरून तुझ्या मागे लागते ती म्हणूनच, आणि त्या दिवशी आवाज चढला त्याबद्दल माफ कर.

माझं काम या दोन्हींच्या मधलं आहे. टीएनएफ या दाहाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा एकच निरोप येतो. एखादी पेशी त्यावर जगते, एखादी गुपचूप मरते, आणि हे गुपचूप मरण घडवणारं कॅस्पेज-8 हे प्रथिन अडलं तर एखादी फुटून मरते, आतलं सगळं बाहेर सांडून, भोवती दाह पेटवून. यातलं काय होणार हे पेशी कशी ठरवते, तेच मी बघतेय. अर्ध्यावर सोडून आले असते तर तुमच्याजवळ बसूनही मन तिथेच राहिलं असतं. हे कारण पुरेसं आहे का, मी रोज स्वतःला विचारते.

आता मुकाट्याने ऐका. बाबा, गोळी पहिल्या आठवड्यात 20 मिलिग्रॅम, मग 50, 100, 200 आणि शेवटी 400. चढण मुद्दाम संथ ठेवली आहे, कारण खूप पेशी एकदम मेल्या तर पोटॅशियम आणि युरिक ॲसिड वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी दोन दिवस आधीपासून प्यायचं, 'रात्री उठावं लागतं' ही सबब चालणार नाही. गोळी जेवणानंतर, अख्खी गिळायची. रक्त सांगितलेल्या तासालाच द्यायचं. दुसऱ्या कुणाचं कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

आई, ल्युपसचं तुझं औषध, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, आणि डोळ्यांची तपासणी या वर्षी राहिली आहे. मी आल्यावर आपण दोघी जाऊ.

बाबांची उशी मी मागे दाखवली तशीच उंच ठेव. धाकट्याला रात्री फोन उशाशी ठेवायला सांगितलंय. मी आल्यावर तुमच्या दोघांच्या मधेच झोपेन, जागा करून ठेवा. आणि रागावला असाल तर आत्ताच रागवा, येईपर्यंत साठवून ठेवू नका.

तुमची,
ताई