शंभर माणसांचं लग्न

सातारा,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या वहिनींचा भाचा परवा तिकडे यायला निघतोय. त्याच्याबरोबर मेतकूट, गोडा मसाला आणि हे पत्र देतेय. तिन्ही जपून वापर. फोनवर का नाही सांगितलं, असं म्हणशील. फोनवर तू दर दोन मिनिटांनी "थोडक्यात सांग ना आई" म्हणतेस. आणि 'लग्नघर' ग्रुपवर लिहायची सोय नाही, कारण त्या ग्रुपवर तुझी आत्या आहे आणि मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे.

तू चैत्रात काय म्हणाली होतीस ते मला पाठ आहे. "शंभर माणसं, रजिस्टर लग्न, संध्याकाळी जेवण, संपलं." आम्ही हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. त्या शंभरांचं पुढे काय झालं ते तुला विमानतळावरून घरी येताना गाडीत कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

पहिल्यांदा रजिस्टर गेलं. बाबा श्रावणात चौकशीला गेले आणि वहीत सगळं उतरवून आले. 1954 चा कायदा. आधी नोटीस द्यायची, मग तीस दिवस थांबायचं. शिवाय नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असायला हवं. तुम्ही दोघं हॉलंडात, आणि तुझी रजा बारा दिवसांची. बत्तीस वर्षं एसटीच्या हिशेब खात्यात काढलेला माणूस, चष्मा काढून म्हणाला, "म्हणजे प्रवासी स्टँडवर यायच्या आधीच गाडी सुटली." चेहरा अगदी पडलेला होता. पण नंतर न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू आलं, आणि आजींनी देवापुढे निरांजन लावलं, तेही दुपारी बारा वाजता. मी काही बोलले नाही. मलाही थोडं बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग कार्यालयं बघायला निघालो. एका रविवारात चार. बाबांनी वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं होतं: 'प्रस्थान 8.05'. आत्या "मी काय, बसल्या बसल्या येते" म्हणत आल्या आणि सोबत सून, दोन नातवंडं आणि ढोकळ्याचा डबा. आजी होत्याच. ओंकार गाडी चालवायला. पहिल्या कार्यालयाच्या मॅनेजरनं आमची संख्या बघून विचारलं, "लग्न आजच आहे का?" तिथे वधूपक्षाच्या खोलीच्या मोरीला कडी नव्हती. ते आत्यांना आत कोंडल्या गेल्यावर कळलं, पण कडी नसताना माणूस कोंडला जातो कसा, ते मला अजून समजलेलं नाही. दुसरं रस्त्यावर. तिसऱ्याला स्टेजसमोर बरोब्बर मध्ये खांब. कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी लग्न त्या खांबाचंच लागल्यासारखं दिसणार.

चौथं आवडलं. तुमच्या रजेतला एकच दिवस रिकामा, आणि तो का रिकामा हे घरी येऊन दिनदर्शिका उघडल्यावर कळलं. मार्गशीर्षातला गुरुवार! महालक्ष्मीचा उपास. निम्म्या बायका दुपारी जेवणार नाहीत. मी डोक्याला हात लावला. पण आजी म्हणाल्या, "अगं, गोरज मुहूर्त धरा. उपास संध्याकाळी सुटतो, लग्न संध्याकाळी लागेल. कुणाच्या तरी घरी उपास सोडायचाच, तो आपल्याकडे सोडतील." चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. भटजींनीही मान डोलावली. फक्त त्या दिवशी जेवणात कांदा-लसूण नाही, हे सौरभला सांगून ठेव.

तर मॅनेजर म्हणाला, "किमान तीनशे ताटांचे पैसे पडतील. माणसं किती आणायची ते तुम्ही बघा." बाबा तिथल्या तिथे खाली बसले. म्हणजे खुर्चीवर. "शंभर माणसांना तीनशे ताटं, म्हणजे माणशी तीन. दोनशे सीट रिकाम्या घेऊन गाडी सोडली असती तर माझी चौकशी लागली असती." शंभराचे तीनशे झाले ते असे. यात आपल्या घरच्या कुणाचा दोष आहे का, तूच सांग.

पालला मात्र दोष आपलाच.

पत्रिका छापायच्या आधी कुलदैवताला अक्षत द्यायची, म्हणून पालच्या खंडोबाला जायचं ठरलं. काशीळवरून आत वळलं की आलंच, दोन तासांत घरी परत, असा बेत. पण बाबांनी सतरा सीटची गाडी ठरवली. सतरा सीट म्हटल्यावर सतरा माणसं. सतरा म्हटल्यावर सकाळचा नाश्ता. नाश्ता म्हटल्यावर आत्यांच्या चुलतजावेचं उंब्रज, कारण "वाटेवरच आहे". उंब्रज वाटेवर नाही. पालचा फाटा सोडून पुढे जावं लागतं. एकदा पुढे गेलो, पोहे खाल्ले, मागे आलो, आणि कुणाची तरी पर्स राहिली म्हणून परत पुढे गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी शिरा केला होता.

देवळात भंडारा उधळला आणि त्या पिवळ्या धुक्यात मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझं बरं आहे. दर वर्षी पौषात तुझं आणि म्हाळसेचं लग्न, जागा ठरलेली, तारळी नदीच्या काठावर लाखांनी माणूस, आणि तुला कुणी विचारत नाही किमान ताटं किती. डोळे उघडून बघते तर आजी शेजारी नाहीत. त्या बाहेर ओट्यावर बसून, कनवटीच्या पुरचुंडीतल्या अक्षता येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवत होत्या. "नातीचं लग्न आहे, यायचं." भावकीतली चार घरं तिथे भेटली ती ठीक. पण भंडारा विकणारी बाई, तिची लेक, आणि आमचाच ड्रायव्हर, ज्याला त्या दिवशी गाडी घेऊन यायचंच आहे! अक्षत हातावर ठेवली की परत घेता येत नाही. बाबांनी वहीत तिरपी रेघ मारून लिहिलं: अधिक 63.

आता येवला. हे जरा सावकाश सांगते, कारण इथे मी स्वतः हरले.

पुण्यात लक्ष्मी रोडला पैठणी मिळत नाही का, असं तू म्हणशील. मीही म्हटलं होतं. पण आत्या म्हणाल्या की विणकराकडूनच घ्यायची, आणि शिर्डी वाटेवरच आहे. या वेळी ती खरोखर वाटेवर होती, त्यामुळे कुणालाच काही बोलता येईना. तीनशे किलोमीटरच्या वर प्रवास. पहाटे चारला निघालो, रात्री शिर्डीत मुक्काम, सकाळी येवल्यात. जाताना राहुरीहून शनिशिंगणापूरलाही वळलो. तिथे घरांना दारं नाहीत हे ऐकून आजी म्हणाल्या, "मग ह्यांच्याकडे पाहुणे परत कसे पाठवतात?"

विणकराच्या घरात माग म्हणजे खोलीभर. तो खड्ड्यात पाय सोडून बसलेला, आणि समोर ताण्यावर एवढ्या एवढ्या कांड्या लोंबतायत, प्रत्येकीवर वेगळा रंग. मोराचा एक पिसारा उतरवायचा तर दहा-बारा कांड्या आळीपाळीनं ताण्यातून घालायच्या. आम्ही चहा घेतला, बोललो, आजींनी त्याच्या मुलांची इयत्ता विचारली. तासाभरात मोर पुढे सरकला असेल माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मग त्याच्या बायकोनं एक तयार पदर उलटा करून माझ्या मांडीवर टाकला. मी म्हटलं, अहो, सुलट दाखवा. ती हसली. "दोन्हीकडनं सारखीच असते, ताई. मागं धागे लोंबत असले की समजायचं मशीनची." मी बोट फिरवून पाहिलं. खरंच, कुठे एक धागा सुटा नव्हता. चोच इकडे तशीच तिकडे.

तुझ्या आत्यांनी घासाघीस करायला घसा साफ केला होता. तीस वर्षांत मी त्यांना दुकानात गप्प बसलेलं पाहिलेलं नाही. त्या मागाकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पदराला किती दिवस लागले?" तो म्हणाला, "दोन महिने." आत्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि प्यायल्या. विषय संपला.

रंगाचं तुला आवडणार नाही. तू पाठवलेला तो 'पावडर ब्लू' मी मोबाइलवर दाखवला. विणकर म्हणाला, "हे अस्मानी आहे, धुवून धुवून झालेलं." मग मी मोरपंखी घेतली. नारळी काठ, पदरावर चार बांगडी मोर. पाठवलेल्या फोटोवरून मत बनवू नकोस, ओंकारनं काढलाय आणि त्यात आत्यांचा अंगठा आहे. आवडली नाही तर मी नेसेन. आवडेलच.

निघताना आजींनी तिथेही अक्षता काढल्या. मी डोळे वटारले. "जिच्यासाठी विणलं ती नेसल्यावर कशी दिसते ते त्यानं बघायला नको?" आता यावर काय बोलायचं? अधिक 6.

पत्रिकेचं थोडक्यात लिहिते, नाहीतर रक्तदाब वाढतो. ओंकारनं चार ओळींची सुटसुटीत केली होती. आत्यांनी ती वाचून मागची बाजू बघितली, मजकूर तिकडे असेल म्हणून. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' कुठे? कै. आजोबा कुठे? निमंत्रक कुठे? शेवटी एक्केचाळीस नावं झाली. आत्यांचा आठ महिन्यांचा नातू 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असं आग्रहानं सांगतोय, ज्याला अजून 'आत्ता'सुद्धा म्हणता येत नाही. पहिलं प्रूफ आलं त्यात तुझ्या नानाकाकांच्या नावामागे 'श्री.' ऐवजी 'कै.' पडलं होतं. त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, "मग मी येऊ का, की तेराव्यालाच?" ते हसले. काकू अजून हसलेल्या नाहीत. त्यांना तू एक फोन कर, माझ्या फोननं ते मिटणारं नाही.

नागपूरच्या विहीणबाई फार चांगल्या आहेत, हे मी आधी लिहून ठेवते. जेवणावर आमचं तीनदा बोलणं झालं. आपल्याकडे अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. त्यांचं म्हणणं, वडाभाताशिवाय त्यांच्या पाहुण्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, दोन-दोन भात? त्या म्हणाल्या, "होऊ द्या ना, लगीन काय रोज होते?" म्हणजे दोन्ही. आचारी तुझ्या बाबांकडे असा बघत होता जसे बाबा फुकट्या प्रवाशाकडे बघायचे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव काय लिहायचं हेही त्यांनी विचारलं. मी श्वास रोखून म्हटलं, "मुग्धाच." त्या म्हणाल्या, "चालते ना." इतक्या सहज, की आठवडाभर मी जे उत्तर घोकत होते ते वायाच गेलं.

तेव्हा आजी समोर वाती वळत होत्या. एरवी मध्येच बोलतात. त्या दिवशी बोलल्या नाहीत.

आता रजिस्टरचं. लग्न झाल्यावर नगरपालिकेत नोंदणी करायची आहे, तुम्हाला तिकडच्या कागदांना लागेल. तिथे तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक जागा आजींनी पकडली आहे. बाबांनी त्यांचं आधार कार्ड काढलं, त्यावर जन्मतारीख 1 जानेवारी, त्या पिढीच्या सगळ्यांची असते तशी. अंगठा चालेल म्हटलं तर रागावल्या. चौथी पास आहेत त्या. गेले पंधरा दिवस दुपारी दिनदर्शिकेच्या जुन्या पानांच्या पाठीवर सही गिरवतात. परवा पान उचललं तर वरपासून खालपर्यंत 'सरस्वतीबाई', 'सरस्वतीबाई', आणि तळाला एकदा, जरा तिरकं, 'कुसुम'. मी बघतेय हे बघून म्हणाल्या, "हात गेला तिकडे." पासष्ट वर्षांनी! मला त्यांचं माहेरचं नाव माहीत नव्हतं, आणि मी या घरात तीस वर्षं आहे. बाबांनी पान पाहिलं आणि म्हणाले, आधारवर वेगळं आहे, हे चालणार नाही. मी ते पान पोळपाटाच्या मागे ठेवलंय. तू आलीस की दाखवते.

ब्लाउजचं माप इंचात पाठव आणि टेपनं घे, त्या मोबाइलच्या अ‍ॅपनं घेतलेलं शिंप्यानं वाचून मला विचारलं, "ही उशी आहे का?" चॉकलेटं आण, पण छोटी आण आणि पुष्कळ आण. सौरभला सांग, लग्नानंतर जेजुरीला जायचंय आणि तुला उचलून पायऱ्या चढायच्या आहेत. पाच तरी. दोघांनीही चीज कमी खा.

येण्याची तारीख मंगळवारच्या आत कर. हळदीला तू नसलीस तर आत्या स्वतःला लावून घेतील.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी आत्ता वही बंद केली. 418. मी म्हटलं, पोरगी शंभर म्हणाली होती. ते म्हणाले, "मग, ते शंभर आहेतच की यात."