आधी टेप, मग लिफ्ट किट

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फोर बाय फोर गाड्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण रोजच्या वापरातल्या गाडीलाही चार इंचांची लिफ्ट, म्हणजे उंच स्प्रिंगा घालून गाडी उचलणं, बेधडक बसवून घ्या, हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. मी नऊ वर्षं अशी गाडी चालवते आहे. महिन्यातले अठ्ठावीस दिवस ती मला डांबरी रस्त्यावरून कामावर नेते-आणते, उरलेले दोन रविवार दगडधोंड्यांत आणि चिखलात. गाडी माझी, हट्टही माझाच, आणि लिफ्टच्या बाबतीत एकदा सपशेल फसलेलीही मीच.

तेव्हा तीन इंचांचं किट घेतलं होतं. विकणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, किती इंच करायची?" गाडीत रोज किती वजन असतं, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही ते सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. त्या स्प्रिंगा होत्या पुढे लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढणारं यंत्र, लावलेल्या गाडीसाठी. माझ्या गाडीवर यातलं काहीच नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. वजन कमी म्हणून स्प्रिंग दबलीच नाही, आणि तीन इंचांच्या जागी नाक जवळपास चार इंच वर गेलं. पहिल्याच गतिरोधकावर सीटच मला उडवून लावते आहे असं वाटलं.

पंधरा दिवस रात्री समोरून येणारा जो तो मला डिपर मारायचा. काय उद्धट लोक आहेत, असं म्हणत मी चरफडायचे. मी तर लो बीमवरच होते! मग एकदा घराच्या भिंतीसमोर गाडी उभी केली तेव्हा उजेड पडला. नाक मागच्या बाजूपेक्षा जास्त उचललं गेल्यामुळे झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. लिफ्टनंतर हेडलाइट खाली करून घ्यायचे असतात, हे किट बसवणाऱ्याने सांगितलंच नव्हतं.

त्याहून वाईट होतं स्टेअरिंग. सरळ रस्त्यावरही गाडी सारखी इकडेतिकडे भरकटायची. माझ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या आसाने जोडलेली, आणि तो मागून येणाऱ्या दोन दांड्यांनी धरलेला आहे. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर गेली की दांड्यांचं मागचं टोकही वर जातं आणि अ‍ॅक्सल पुढे कलंडतो. त्यामुळे कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, त्याने हात सोडूनही सायकल सरळ जायला मदत होते ना, गाडीतला कॅस्टर म्हणजे तोच तिरपेपणा. तो गेला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचाही कोन बदलला होता, त्यामुळे अ‍ॅक्सल बोटभर एका बाजूला सरकला होता. कॅस्टर दुरुस्त करणारे बुश आणि लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड मिळतो. पण तो किटमध्ये नव्हता, आणि खोक्यावर छापलेल्या इंचांत हा खर्च कुठेच दिसत नाही.

आणि एवढं करून मिळवलं काय? पुढच्याच रविवारी नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्याच दगडाला, तोच डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा, घासला. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत स्प्रिंगा कितीही उंच करा, डिफरन्शियल जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलतात ते टायर, आणि तेही निम्म्याने. ३१ इंचांऐवजी ३३ इंची टायर घातला तर डिफरन्शियल एक इंच वर येतो. लिफ्टने गाडीचं पोट वर जातं, चढाला नाक आणि उताराला शेपूट टेकत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. हे फायदे खरेच आहेत, मी नाकारत नाही. मात्र ३३ इंची टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने धावत असते, हेही त्याच लेखात यायला हवं होतं.

उलटण्याचा धोका तर साध्या भागाकारात दिसतो. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. अंतर ६० इंच आणि उंची २८ असेल तर उत्तर १.०७ येतं. तोच मध्य दोन इंच वर गेला की उरतो १. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. अमेरिकेतली महामार्ग सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबाबतचे तारे २००१ पासून देते आहे, ते मुख्यतः याच आकड्यावरून.

आठ महिन्यांनी मी एका जुन्याजाणत्या फिटरकडे गेले. त्यांनी पाना उचलला नाही, खिशातून टेप काढली. डिझेल पूर्ण भरलेलं, हत्यारांची पेटी मागे, मी माझ्या सीटवर, म्हणजे रोज असते तशी गाडी. मग चारही चाकांवर हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून खडूने काचेवर लिहिलं. जमिनीपासून का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "हवा कमी-जास्त असली की माप खोटं येतं." मग त्यांनी मूळ माप मागितलं. ते कुणाकडेच नव्हतं! नशिबाने जुन्या स्प्रिंगा मी टाकल्या नव्हत्या. त्या परत घालून मापं घेतली, आणि मगच हलक्या गाडीसाठीच्या दीड इंची स्प्रिंगा ठरल्या.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांनी त्या स्प्रिंगांच्या जोडीचेच घ्यायला लावले. जॅकवर गाडी उचलून चाकं पूर्ण लोंबकळू दिली आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, स्प्रिंग जागेवरून निसटते का, हे बोट घालून पाहिलं. शेवटी जे केलं ते मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. दांड्यांचे बोल्ट ढिलेच ठेवून गाडी चाकांवर उतरवली, बंपर धरून दोन-चारदा हलवली, आणि मग खाली झोपून बोल्ट आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडले जातात आणि चाकांवर आल्यावर कायमचे पिळलेले राहतात. माझे आधीचे बुश आठ महिन्यांत फाटले होते. का, ते तेव्हा कळलं.

ज्यांच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे त्यांचे प्रश्न वेगळे. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या एकत्र जोडीच्या, स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे जाड कडं, ठेवलं की उंची मिळते, पण चाक खाली जाण्याची मोकळीक तेवढी कमी होते आणि चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. मागे कमानपाटे असतील तर शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी, दोन इंच लांब केल्याने गाडी एकच इंच उठते. पुढच्या पाट्यांखाली ठोकळे मात्र कुणी कितीही गळ घातली तरी घालू नयेत. चॅसी तिथेच ठेवून नुसती वरची बॉडी उचलणाऱ्या बॉडी लिफ्टबद्दल न बोललेलंच बरं.

दीड इंचात मी आज खूश आहे. मोठे टायर घेतले नाहीत. त्याऐवजी वाट खराब झाली की हवा कमी करते, त्याने जितकी पकड मिळते तितकी त्या किटने कधी दिली नाही. आईचे गुडघे दुखतात, ती आता कुणाचा हात न धरता पुढच्या सीटवर चढून बसते. चार इंचांच्या दिवसांत तिला स्टूल लागायचं, आणि ते स्टूल गाडीतच ठेवावं लागायचं.

एक विनंती आहे. पुढच्या लेखात फोटोखाली गाडी किती इंच उचलली हे छापाल, तेव्हा त्या गाडीत रोज किती वजन असतं आणि ती महिन्यातले किती दिवस डांबरावर चालते, तेही शेजारी छापावं.

आपली,
एक नियमित वाचक