ठाणे अंमलदाराचं टेबल, पोलिसात चाललेल्या माझ्या लेकाला पत्र

प्रिय बाळा,

फोनवर तू म्हणालास की ट्रेनिंग संपलं की मला क्राईमला नाहीतर सायबरला जायचंय, ठाण्यात टेबलावर बसून काय शिकणार. मागे तुमच्या रोल कॉलची गडबड ऐकू येत होती म्हणून तेव्हा काही बोलले नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. लांबेल जरा, सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

मी भरती झाले तेव्हा आम्हा बायकांना महिला आरोपीची झडती, मोर्चाचा बंदोबस्त आणि फार तर नवरा-बायकोच्या भांडणात समजूत घालायला बोलवायचे, बस्स. पंचनामा म्हणजे खाली कार्बन घालून हाताने लिहायचा, दोन पंच शोधून आणायचे, आणि केस कोर्टात सुनावणीला यायला इतकी वर्षं जायची की तोवर पंच फितूर झालेले असायचे, तपास करणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. आता 1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायदे आले, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, ते पोलिसांच्या ई-साक्ष्य ॲपवर जागेवरूनच चढवता येतं, मदतीसाठीच्या 112 नंबरचा कॉल पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर पडतो आणि गाडी कधी निघाली कधी पोचली सगळं नोंदवलं जातं. हे मला मनापासून आवडतं. प्रामाणिक पोलिसाला कॅमेऱ्याची भीती वाटायचं कारणच नाही, उलट त्याच्या बाजूने बोलणारा तो एकच साक्षीदार असा आहे जो फितूर होत नाही.

पण बाळा, हे सगळं सुरू कधी होतं, तर माणूस ठाण्यात येऊन टेबलासमोर उभा राहतो आणि तिथला ठाणे अंमलदार, म्हणजे आलेल्याची तक्रार लिहून घेणारा ड्युटीवरचा पोलीस, त्याला बसा म्हणतो तेव्हा. तिथेच त्याला परत पाठवलं तर तुझं ॲप आणि तुझी लॅब दोन्ही रिकामी.

परवा एक रिटायर्ड गुरुजी आलेले, कॅरीबॅगमध्ये पासबुक आणि हातात मोबाईल. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी वर्दी घालून बसलेला, म्हणे तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. असली अरेस्ट कुठल्याच कायद्यात नाही पण भीतीपोटी त्यांनी एफडी मोडून पैसे पाठवले. आता अशा वेळी टेबलावरचा माणूस काय करतो यावर सगळं आहे. तुम्ही शिकलेले असून पैसे पाठवलेच कसे, हे विचारायला दहा मिनिटं घालवली तर तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात जातात. टेबलावरच्या आमच्या पोलीस पोरीने आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, लावला, एका हाताने त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि बँक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर पासबुकावरून भराभर सांगत गेली, बाकीची चौकशी नंतर. थोडे पैसे बँकेत होल्ड झाले, म्हणजे पुढे जायचे थांबले, सगळे नाही. गुरुजींचा हात थरथरत होता, सही दोनदा करावी लागली.

आणि "आमची हद्द नाही" हे वाक्य तुझ्या तोंडून मला कधी ऐकायचं नाहीये. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, दिसत असेल तर दाखल करायलाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये 2013 लाच सांगितलंय, आता तर झिरो एफआयआर कायद्यातच आलाय, हद्द कुणाचीही असो, घ्यायचा आणि पाठवायचा. तरी अजून काही ठिकाणी आकडे कमी दिसावेत म्हणून चोरीचं "गहाळ" करतात, नाहीतर एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवतात, मला त्याचा भयंकर राग येतो. फिर्यादीला तपास कुठवर आलाय ते 90 दिवसांच्या आत कळवायचंय हेही लक्षात ठेव, माणसं महिनोन्महिने हेलपाटे मारतात आणि कुणी धड सांगत नाही. साठीच्या पुढच्या माणसाचा जबाब घ्यायचा तर आपण त्याच्या घरी जायचं, त्याला ठाण्यात बोलवायचं नाही.

तुला सुरेश खोपडे साहेबांबद्दल, आपल्याच खात्यातले अधिकारी, कुणी सांगितलं का माहीत नाही. 1984 च्या दंगलीत भिवंडी होरपळलेली. पुढे खोपडे साहेब तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं आणि ठाण्याचे पोलीस एकत्र बसायचे, बोलायचे, ओळखी झाल्या. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेव्हा कुठे होते मोबाईल आणि कुठे होतं सीसीटीव्ही. आज अफवा व्हॉट्सअपवर दोन मिनिटांत गावभर होते, म्हणून तर तुझ्या बीटवरच्या, म्हणजे गस्तीच्या भागातल्या, चार माणसांनी आधी तुला फोन करावा इतकी ओळख पाहिजे, ती एसीत बसून होत नाही.

म्हणून सांगते, पोस्टिंग विचारतील तेव्हा आधी एखाद्या ठाण्यात ठाणे अंमलदाराचा मदतनीस म्हणून ड्युटी माग, रात्रपाळीची मिळाली तरी घे. निदान वर्षभर कर, मग जा सायबरला, मीच पेढे वाटीन. तोवर मराठी टायपिंगचा स्पीड वाढव, फिर्याद टाईप करायला तासभर लागला तर समोरचा माणूस कंटाळून अर्धं सांगायचंच सोडून देतो.

तुझी,
आई