आमचं बंद पडलेलं कार्ड पुन्हा सुरू करणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक वाचनालय तर फुकट असतं, मग गरीब घरातली मुलं तिथे का फिरकत नाहीत, असा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. वाचनाची आवड नाही, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. आमच्या घरात आवड भरपूर होती, पण धास्ती त्याहून मोठी होती. जिथे महिन्याची मिळवणी जेमतेम होते, तिथे आणलेलं पुस्तक म्हणजे डोक्यावर आणखी एक देणं. हरवलं तर? फाटलं तर? आई पुस्तक उंच फळीवर ठेवायची आणि हात धुतल्याशिवाय शिवू द्यायची नाही.

तरी ते भिजलंच. धाकट्याच्या हातून पाण्याचं भांडं कलंडलं. भरपाई दिल्याशिवाय कार्ड सुरू होणार नाही, असा नियम होता, आणि आईने आमचं तिकडे जाणंच थांबवलं. तुम्ही निरोप धाडून पुस्तक मागवलंत. पानापानांत टिपकागद घातलेत, वर जाडजूड शब्दकोश ठेवलेत. पानं सुरकुतली, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मग वरिष्ठांकडून भरपाई माफ करून घेतलीत आणि तेच पुस्तक पुन्हा माझ्या कार्डावर चढवलंत. आईला म्हणालात, "पुस्तकं वापरूनच जुनी होतात, ताई. मुलांना पाठवत जा."

युनेस्कोच्या जाहीरनाम्यात, १९९४ च्या आणि २०२२ च्याही, सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः मोफत असावी असं म्हटलं आहे. पण दंड, अनामत, पत्त्याचा पुरावा, आईवडील कामावर असतानाच्या वेळा, हे सगळं त्या 'मोफत'च्या आड येतं. आणि ते नेमकं कमी मिळकतीच्या घरालाच येतं. ज्याला परवडतं तो दंड भरतो आणि विसरतो. आमच्यासारखे मात्र परत जातच नाहीत. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, तेव्हा वर्षानुवर्षं घरात अडकलेली पुस्तकं परत येऊ लागली. पुस्तकांबरोबर माणसंही आली.

२०१० साली २७ देशांतल्या माहितीवरून झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की घरात भरपूर पुस्तकं असलेली मुलं जास्त वर्षं शिकतात, आईवडील स्वतः फारसे शिकलेले नसले तरी. विकत घेऊन घर भरण्याची आमची ऐपत नव्हती. आमच्या घरातली पुस्तकं दर आठवड्याला बदलायची, इतकंच. त्यासाठीही तुम्ही वाट काढलीत: बाबांना कामाच्या वेळेत सहीला येता येईना, तेव्हा आईची सही चालवून घेतलीत. पुढे हातात फोन आला, तेव्हा कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं कायदेशीरपणे फुकट कुठे मिळतात, तेही तुम्हीच दाखवलंत. १९७१ पासून चालत आलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा फुकट ई-पुस्तकांचा संग्रह मला तुमच्यामुळे माहीत झाला.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं दुसरं, 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक', मी फार उशिरा वाचलं. त्याआधी ते तुमच्या टेबलापाशी घडताना पाहिलं होतं. बाई, मनापासून आभार. आईचेही.

एक विनंती आहे. मुलांच्या कार्डांवरचा दंड कायमचा काढावा, असा अर्ज वाचनालयाच्या समितीला द्यायचा आहे. मजकूर तयार आहे. तुम्ही निवृत्त झाला असलात, तरी त्यावर पहिली सही तुमची हवी. कधी येऊ, तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक